चारं काळी झाल्याशिवाय घेऊ नका

चारोळी दुकानात बारा महिने मिळते, म्हणून तिचं फळ बहुतेकांनी पाहिलेलंच नसतं. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, त्याला चारं म्हणतात. एप्रिल-मेचे मोजके आठवडे, मग वर्षभर नाव नाही. वाटाण्यापेक्षा थोडं मोठं, पिकलं की जांभळट काळं. गर जेमतेम, पण असा आंबटगोड की पसाभर चारं संपेपर्यंत हात थांबत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत ती लगेच पाणी सोडतात नि आंबतात. टोपलीत पसरून आणा, खायच्या वेळीच धुवा.

बिया फेकू नका. रात्रभर भिजवून सकाळी गोणपाटावर चोळल्या की उरलेला गर निघतो. दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून जात्यात भरडायच्या, पण पाळ्यांमध्ये, म्हणजे जात्याच्या दगडांमध्ये, अंतर ठेवून. पाळी घट्ट बसली तर कवचाबरोबर दाण्याचाही चुरा होतो. मग सुपानं पाखडायचं, उरतो तो दाणा म्हणजेच चारोळी. दाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं. ओल राहिली तर बुरशी धरते, नि जुना झाला की खवट लागतो.

खरी खराबी मात्र झाडावरच होते. आपण थांबलो तर दुसरा नेईल, या धास्तीनं चारं हिरवीच ओरबाडतात, कधी फांदीसकट. हिरव्या फळातला दाणा सुरकुतलेला निघतो, त्याला भाव मिळत नाही. फांदी गेली ती पुढच्या हंगामातूनही गेली. तोडणाऱ्या बायांना दोष देऊन भागत नाही. पोटाची घाई असते. तोडणीची तारीख गावानंच ठरवावी. 2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या फळं-पानांसारख्या मालावर, हक्क दिलाय, गावाचा सामूहिक दावा मंजूर असेल तर ग्रामसभेला हे जमतं.

टेंभरांचं, म्हणजे तेंदूच्या फळांचं, दुखणं वेगळं. विडीच्या तेंदूपत्त्यासाठी झुडपं छाटतात, कोवळा फुटवा येतो, सत्तर पानांचा पुडा बांधला जातो. पण फळ धरतं मोठ्या झाडाला, नि बांधावरचं मोठं झाड सरपणात जातं. पिवळं झालेलं टेंभर बोटानं दबलं पाहिजे. कडक खाल्लं तर जीभ आवळून येते. अर्धवट पिकलेलं असेल तर तणसात, म्हणजे भाताच्या पेंढ्यात, घालून ठेवा, नरम पडतं.

बाजारात चारांच्या ढिगात हात घालून खालची बघा. वर काळी नि खाली हिरवी असतील तर घेऊ नका. हिरवी खपली की पुढच्या वर्षी आणखी आठ दिवस आधी तोडतात.