'सीआरझेडमुळे कोकण मागे राहिलं' म्हणे!

हा मेसेज मला आत्तापर्यंत चार ग्रुपवर आलाय, त्यात एकदा सख्ख्या मामाकडून. थोडक्यात सांगायचं तर सीआरझेड (म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारे नियम) आणि पर्यावरणवाले यांनी कोकण मागे ठेवलं, गोवा-केरळ बघा कुठे पोचले, किनारा वाचवायचाच असेल तर दगडी बंधारा घाला, कांदळवन (खाडीच्या चिखलातली तिवरांची झाडी) दुसरीकडे लावा, आणि नेदरलँड्सने समुद्र हटवला मग आपल्याला काय धाड भरलीय. खाली 'खरा कोकणी असाल तर पुढे पाठवा'. पुढे पाठवत नाही, उत्तर लिहितोय.

'गोवा-केरळ पुढे गेले'

अहो पण सीआरझेड ही केंद्राची अधिसूचना आहे. १९९१ ला आली, २०११ ला बदलली, २०१९ ला परत बदलली, आणि सगळ्या किनारी राज्यांना लागू आहे. गोवा आणि केरळला थोड्या खास तरतुदी आहेत हे मान्य, पण तशा मुंबईलाही आहेत. उलट केरळात कोचीजवळ मरडूला नियम मोडून उभे केलेले टॉवर सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने जानेवारी २०२० मध्ये स्फोटकं लावून पाडले, टीव्हीवर अख्ख्या देशाने बघितलं. परवानगी दिली होती स्थानिक पंचायतीने, आणि रस्त्यावर आले फ्लॅट घेणारे. कोकण मागे राहायची कारणं मोजायला बसलो तर सीआरझेडचा नंबर बराच खाली लागेल. मुंबई-गोवा हायवेचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय, ते काय सीआरझेडने अडवलं?

'किनाऱ्यावर वीटही लावू देत नाहीत'

यात अर्धं खरं आहे, म्हणून जरा नीट बघू. मोठ्या प्रकल्पांना वीट सोडा, अख्खा पूल बांधू देतात. मुंबईचा कोस्टल रोड, अटल सेतू, सगळे सीआरझेडची मंजुरी घेऊनच झाले. बंदरं आणि जेट्ट्यांना तर नियमातच जागा ठेवलीय. २०१९ नंतर दाट वस्तीच्या गावांत भरतीरेषेपासूनचा ना विकास पट्टा (जिथे नवं बांधकाम करू देत नाहीत तो) २०० वरून ५० मीटरवर आलाय, पण 'दाट' म्हणजे २०११ च्या जनगणनेप्रमाणे एका चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त माणसं, आणि आपल्या वाड्या-वस्त्या विखुरलेल्या, त्यामुळे कोकणातली बरीच गावं २०० मीटरमध्येच राहतात. घराचं छप्पर बदलायचं म्हटलं तरी हेलपाटे घालावे लागतात, ही कोळी-गाबीत मच्छीमारांची तक्रार खरी आहे आणि ती मेसेजवाल्याने नाही काढलेली, लोक कित्येक वर्षं ओरडून सांगतायत.

पण यावर उपाय नियम उडवणं हा नाही, नकाशे नीट करणं हा आहे. किनारा व्यवस्थापन आराखडा, म्हणजे कुठली जागा कुठल्या पट्ट्यात येते ते दाखवणारे नकाशे, १:२५,००० या प्रमाणात काढतात. त्या नकाशावर ५० मीटर म्हणजे किती? दोन मिलिमीटर! पेनाची रेघ जाड आली तर घर पट्ट्याच्या आत गेलं की बाहेर राहिलं कळायचं नाही. गावपातळीवर १:४,००० चे नकाशे लागतात, त्यात घरं, मासळी वाळवायची जागा, होड्या ओढायची जागा, सगळं दिसायला हवं. भांडायचं तर इथे भांडा ना, कारण नकाशात जे नाही ते उद्या मोकळी जमीन म्हणून कोणाच्या तरी रिसॉर्टला मिळणार.

'दगडी बंधारा घाला, प्रश्न मिटला'

सगळ्यात जास्त टाळ्या याला पडतात आणि हाच मुद्दा सगळ्यात कच्चा आहे.

पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, एका जागी बसून नसते. लाटा तिरप्या येतात आणि वाळू किनाऱ्याकिनाऱ्याने पुढे सरकवत राहतात, एका गावची वाळू म्हणजे शेजारच्या गावातून आलेली आणि पुढच्या गावाला जाणारी. मध्ये काही आडवं घातलं की एका बाजूला वाळू साठते, दुसऱ्या बाजूला उपासमार. पुद्दुचेरीत १९८० च्या दशकाच्या शेवटी बंदरासाठी समुद्रात बांध घातले, उत्तरेकडे जाणारी वाळू अडली आणि शहराची चौपाटी गेली. मग शहर वाचवायला दगड टाकले, तर किनाऱ्याची धूप सरकली आणखी उत्तरेच्या मच्छीमार गावांकडे. चेन्नईत हेच शंभर वर्षं आधी झालेलं, बंदराच्या दक्षिणेला मरीना चौपाटी फुगत गेली आणि उत्तरेला रोयापुरमकडचा किनारा खचत गेला. म्हणजे अनुभव घरचाच होता, तरी.

आमच्या मामाच्या गावातही धूपप्रतिबंधक बंधारा आला. आधी सगळे खूश, नारळाची बाग वाचली. पण पुळणीवर लाट पसरते, दमते आणि परत जाते, दगडावर ती आदळते आणि परत जाताना पायथ्याची वाळू उकरून नेते. दोन पावसाळ्यांत दगड खाली बसले, वर आणखी दगड टाकले, आणि समोरची पुळण भरतीला दिसेनाशी झाली. तिथे पूर्वी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायचे, दोन्ही टोकांना पंधरा-वीस माणसं दोर धरून पाय रोवून मागे मागे सरकायची. आता मागे सरकणार कुठे, दगडात? जाळं घरात पडून आहे. मामानेच हे मला दाखवलं होतं आणि मामानेच मेसेज पाठवलाय, असो.

जिथे घरं अगदी तोंडावर आहेत तिथे बंधारा लागतो, नाही म्हणत नाही. पण शेजारच्या दोन गावांचा हिशोब न करता घालायचा नसतो.

'कांदळवन दुसरीकडे लावू'

तिवर म्हणजे कुंडीतलं झाड नव्हे. रोज भरतीचं पाणी येऊन जाईल असा चिखल लागतो, आणि तशी जागा असेल तर तिथे बहुतेक ते आधीच उगवलेलं असतं. नसेल तर का नाही ते आधी बघा, रोपं लावून फोटो नंतर काढा. ओडिशाच्या १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर केंद्रापाडा जिल्ह्यातल्या गावांचा अभ्यास झाला, ज्या गावांसमोर कांदळवनाचा पट्टा रुंद होता तिथे माणसं कमी दगावली. आता तो पट्टा तोडून दुसऱ्या खाडीत लावला तर या गावाला त्याचा काय उपयोग?

'नेदरलँड्सने करून दाखवलं'

करून दाखवलं, पण पुढे काय केलं तेही वाचा. १९५३ च्या पुरात तिथे १८३६ माणसं गेली, मग त्यांनी मोठमोठे बांध घातले. त्यातल्या ईस्टर्न शेल्ट खाडीचं तोंड कायमचं बुजवायचं ठरलं होतं, पण मच्छीमार आणि पर्यावरणवाले (हो, तिथेही असतात) आडवे पडले, शेवटी आराखडा बदलून उघडबंद होणाऱ्या ६२ दारांचा बांध केला, १९८६ ला पुरा झाला. दारं एरवी उघडी असतात, वादळातच बंद करतात. आणि २०११ मध्ये तर त्यांनी भिंत न बांधता किनाऱ्याजवळ दोन कोटी घनमीटरहून जास्त वाळू टाकली आणि ती पसरवायचं काम लाटांवर सोडलं.

'कोळी विकासाला विरोध करतात'

वरळीला कोस्टल रोडच्या पुलाचे खांब ६० मीटरवर ठरले होते. कोळी म्हणाले, उधाणात बोट सरळ रेषेत चालत नाही, वारा-पाणी ढकलतं, एवढ्या फटीतून आम्ही काढणार कशी? रस्ता नको असं कोणी म्हणालं नव्हतं, त्यांनी १६० मीटर मागितले होते. बोटी आडव्या लावून काम अडवलं तेव्हा कुठे बोलणी झाली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये मधला एक खांब काढून अंतर १२० मीटर केलं. खांब कागदावर असतानाच कोळीवाड्यात जाऊन विचारलं असतं तर तो खोडायला एक रबर पुरला असता.