कलिंगड, साबुदाणा आणि जीआय: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. कमी ग्लायसेमिक इंडेक्सच्या (जीआय, म्हणजे एखादा पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो याचा आकडा) आहारावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चांगलंच झाडलंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ज्या यादीत कलिंगड 'जास्त'मध्ये आणि आइस्क्रीम 'कमी'मध्ये बसतं, ती यादी कचऱ्यात टाकावी. वजन शेवटी कॅलरीनेच घटतं. संशोधनातही जीआयचा फायदा सिद्ध झालेला नाही. आणि शेवटी, 'भात सोडू की नको, ते एका शब्दात सांगा.'

कलिंगडापासून सुरुवात करते. जीआय मोजताना पदार्थातून 50 ग्रॅम पचणारी कर्बोदकं मिळतील एवढा तो खायला देतात, पुढचे दोन तास रक्तातली साखर मोजतात आणि तेवढ्याच ग्लुकोजशी ताडून बघतात. ग्लुकोज म्हणजे 100. 55 पर्यंत कमी, 70 पासून पुढे जास्त. आता कलिंगडातून 50 ग्रॅम कर्बोदकं मिळवायची तर एका बैठकीत जवळपास पाऊण किलो गर संपवावा लागतो. (मे महिन्यात आमच्याकडे अशी माणसं आहेत, पण ते सोडा.) ही अडचण ओळखूनच हार्वर्डच्या संशोधकांनी 1997 मध्ये 'ग्लायसेमिक लोड' वापरात आणला: जीआयला तुम्ही खरोखर खाल्लेल्या कर्बोदकांच्या ग्रॅमने गुणायचं आणि 100 ने भागायचं. त्या हिशेबात कलिंगडाची एक फोड 10 च्या आत राहते, म्हणजे 'कमी'त. तेव्हा कलिंगडासाठी यादी फेकायची गरज नाही, वाढलेलं किती हे सोबत बघायचं.

आइस्क्रीमचा मुद्दा मात्र वजनदार आहे, आणि त्याला आपल्या घरातलं त्याहून चांगलं उदाहरण आहे: साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, जीआय चढा. त्यात शेंगदाण्याचं कूट आणि तूप घातलं की पोट सावकाश रिकामं होतं, साखर हळू चढते, आकडा खाली येतो. आता दुसरा हिशेब करा. 100 ग्रॅम कोरडा साबुदाणा सुमारे 350 कॅलरी. त्यात 50 ग्रॅम कूट, म्हणजे आणखी 280 च्या आसपास. दोन मोठे चमचे तूप, आणखी 240. जीआय उतरला आणि कढईतल्या कॅलरी अडीच पटींच्या जवळ गेल्या. एकादशीला 'हलकं' म्हणून दोन वाट्या खाणाऱ्याचं वजन का हलत नाही, ते यात आलं. वेफर्सचंही तेच, तेलामुळे त्यांचा जीआय उकडलेल्या बटाट्यापेक्षा कमी निघतो. म्हणून नुसता आकडा बघून वजन कमी करायला निघालेल्याला मीही थांबवेनच. टोरांटोच्या डेव्हिड जेंकिन्स आणि सहकाऱ्यांनी 1981 मध्ये ही पद्धत मांडली ती मधुमेहींना कर्बोदकं निवडता यावीत म्हणून. वजन घटवण्याचं लेबल बाजाराने नंतर चिकटवलं.

पण इथून तुम्ही थेट 'फायदा शून्य' वर उडी मारता, तिथे माझी हरकत आहे. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या संस्थेच्या 2007 च्या आढाव्यात कमी जीआय गटाचं वजन साधारण एक किलोने जास्त घटलं होतं. 2023 च्या आढाव्यात हा फरक नगण्य ठरला. हा नवा निष्कर्ष तुमच्या बाजूचा आहे, घ्या. मात्र 2010 मध्ये युरोपातल्या आठ देशांत झालेला 'डायोजेनीस' प्रयोगही वाचा. त्यात आधी सगळ्यांचं वजन उतरवलं आणि मग ते टिकतं का, हे 26 आठवडे पाहिलं. पोटभर खायची मुभा होती, कॅलरी मोजायच्या नव्हत्या. ज्यांच्या ताटात प्रथिनं कमी आणि जीआय जास्त होता, त्यांचंच वजन लक्षणीय परत वाढलं, सुमारे पावणेदोन किलो. शिवाय त्या गटातले 37 टक्के लोक मध्येच सोडून गेले. कमी जीआयच्या गटांत हे प्रमाण 26 टक्क्यांच्या आसपास होतं. मला हा दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो. कॅलरीनेच वजन घटतं हे खरंच, पण कमी कॅलरीवर माणूस टिकतो किती दिवस? अकरा वाजता पोटात खड्डा पडला की डबा उघडतोच.

तुम्ही 'ओट्स-किनोआवाल्यांचं फॅड' असंही लिहिलंय. ओट्स माझ्या लेखात एकदाच आले होते, असो. आपल्याकडे या कामाचा खरा पदार्थ उसळ आहे. हरभरा, राजमा, मटकी, मसूर: कडधान्यांचा जीआय बहुतेक 40 च्या खाली, वर प्रथिनं आणि चोथा, आणि खिशालाही परवडतं. भाकरीबद्दल मात्र जरा सांभाळून. ज्वारीचा आकडा तितका खाली नाही जितका तो हल्ली सांगितला जातो, आणि पीठ जितकं बारीक तितका तो वर सरकतो. नाचणीचं सत्त्व आणि 'मल्टीग्रेन' बिस्किटं यांना तर मी या चर्चेत उभंच करत नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. एका शब्दात: नको. भात सोडू नका, निम्मा करा आणि मोकळी झालेली जागा उसळीला द्या. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भात. मिळत असेल तर कोकणातला उकडा तांदूळ घ्या, त्याचा जीआय सहसा पांढऱ्यापेक्षा कमी असतो. रात्रीचा भात थंड होताना त्यातला थोडा स्टार्च सहज न पचणारा होतो, त्यामुळे सकाळचा फोडणीचा भात साखरेच्या दृष्टीने ताज्या भातापेक्षा बरा. पण भात रात्री फ्रिजमध्ये ठेवा, ओट्यावर नको, आणि फोडणीचं तेल मोजून घाला, नाहीतर पुन्हा खिचडीची गत. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी मधुमेहाची गोळी चालू असेल तर मात्र हे काही करण्याआधी डॉक्टरांशी बोला. औषध तेवढंच ठेवून भात निम्मा केला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.