भोळे, भोले आणि भोये

निवृत्तीनंतर माणसाने काय करावे, याविषयी आमच्या जळगावात दोन मते आहेत. एक, मेहरूण तलावावर सकाळी फेऱ्या माराव्यात. दोन, शेतावर जाऊन केळीच्या बागेत सालदाराला उगाच सल्ले द्यावेत. मी तिसरा मार्ग धरला आणि जुन्या मराठी चित्रपटांच्या श्रेयनामावल्या एका ऑनलाइन डेटाबेसमध्ये भरू लागलो. चित्रपट लावावा, नावे वाचावीत, टंकावीत, एवढेच काम आहे अशी माझी समजूत होती.

प्रत्यक्षात ती नावे वाचता येत नाहीत. यूट्यूबवरची प्रत कोणीतरी दूरचित्रवाणीवरून उतरवून घेतलेली असते आणि त्या वाहिनीचा शिक्का नेमका संकलकाच्या आडनावावर बसलेला असतो. चित्र थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळा दाबल्या की ते एकेक चौकट मागे-पुढे सरकते, हे कळल्यापासून तर माझे हाल वाढले. मे महिन्यातल्या एका दुपारी, कूलरसमोर बनियनवर बसून, वेशभूषाकाराच्या नावातली एक वेलांटी पहिली की दुसरी हे ठरवण्यात मी पाऊण तास घालवला. शेवटी ती वेलांटी नसून फिल्मवरचा ओरखडा निघाला. "आपली पत्रिका जुळवताना कोणी इतकं बारीक पाहिलं असतं तर," एवढेच बोलून पत्नी आत गेली.

या कामाचा पहिला नियम असा, की पडद्यावर जे छापले आहे तेच नोंदवायचे, मग ते चुकलेले का असेना. १९९० मध्ये सुरू झालेल्या आयएमडीबी या चित्रपटांच्या जगप्रसिद्ध ऑनलाइन डेटाबेसवरही हीच रीत आहे. नोंद माणसाच्या खऱ्या पानाला जोडायची आणि पडद्यावरचे चुकीचे नाव 'ॲज' (म्हणजे 'या नावाने') या शब्दासह कंसात ठेवायचे. ज्याचे नाव पडद्यावर आलेच नाही, त्याच्यापुढे 'अनक्रेडिटेड' लिहायचे. हा नियम मला मनापासून पटतो, कारण श्रेयनामावलीतली चूक हाही इतिहासच असतो. १९४९ च्या 'महल'मधले 'आयेगा आनेवाला' लता मंगेशकरांनी गायले, पण सुरुवातीच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून 'कामिनी' असे नाव छापले होते, आणि कामिनी तर मधुबालाच्या भूमिकेचे नाव. पुढे त्याच लताबाईंनी 'साधी माणसं'ला संगीत दिले ते 'आनंदघन' या नावाने. एक नाव दुसऱ्याने लादलेले, एक स्वतः घेतलेले. दोन्ही खोडून सगळीकडे खरे नाव लिहिले, तर पुढच्याला यातले काहीच कळायचे नाही.

हे सारे मी आमच्या मामांना समजावून सांगितले, आणि ती चूक झाली.

मामांनी १९८० च्या दशकात तापीकाठी चित्रीत झालेल्या एका चित्रपटाला दोन बैलगाड्या आणि (त्यांच्या म्हणण्याप्रमाणे) तीन दिवस भरीत-भाकरी पुरवली होती. त्याबद्दल 'आभार' या पाटीत त्यांचे नाव आले, पण आडनाव 'भोळे'ऐवजी 'भोले' असे. तेव्हापासून कुटुंबातल्या प्रत्येक लग्नात ही हकीकत आम्ही ऐकत आलो आहोत. मी नोंदी करतो हे कळताच मामा सकाळच्या बसने आले आणि म्हणाले, "त्यानं ळ खाल्ला ते खाल्ला. तू काऊन त्याची चूक जपून ठेवतो?"

मामा स्वतः आपले आडनाव 'भोये' असे उच्चारतात, कारण आमच्या बोलीत ळचा य होतो. पण हे मी त्या वेळी बोललो नाही. भाच्यालाही मर्यादा असतात. उलट त्यांना धीर यावा म्हणून रॉडरिक जेन्सची गोष्ट सांगितली. अमेरिकन दिग्दर्शक कोएन बंधू आपल्या बहुतेक चित्रपटांचे संकलन स्वतः करीत आणि श्रेय जेन्स नावाच्या, मुळात नसलेल्या माणसाला देत. 'फार्गो'च्या संकलनासाठी या नसलेल्या माणसाला ऑस्करचे नामांकनही मिळाले होते. मामांनी ते शांतपणे ऐकून घेतले. ही शांतता मला खटकायला हवी होती.

नोंद करायला बसलो तेव्हा ध्यानात आले, की हा डेटाबेस नावे रोमन लिपीत घेतो आणि रोमन लिपीत भोळे व भोले यांत फरकच उरत नाही. ज्या अन्यायावर मामांनी इतकी लग्ने गाजवली, तो तिथे नोंदवायलाही जागा नव्हती. मी नोंद करून मोबाइल त्यांच्या हाती दिला. "आता बराबर झालं," असे ते म्हणतात न म्हणतात तोच पुण्याच्या इंग्रजी शाळेतला त्यांचा नातू खांद्यावरून डोकावला आणि मोठ्याने वाचून मोकळा झाला : "भोले."

पण खरा घोटाळा माझ्या हातून पुढे झाला होता. नाव टंकले की खाली त्या नावाच्या माणसांची यादी उघडते. एकाच नावाची चार माणसे असली तर आयएमडीबीवर त्यांना रोमन आकड्यांनी वेगळे ठेवतात; आमच्या डेटाबेसमध्ये मात्र आपल्यालाच पाहून निवडावे लागते, आणि मी घाईत पहिले नाव निवडले. आठवड्याने पाहतो, तर मामांच्या नावावर अकरा चित्रपट. नाव-आडनाव तेच असलेला तो कोणी मुंबईचा साहसदृश्ये करणारा गृहस्थ होता. त्याच्या पानावर आता आमच्या बैलगाड्या उभ्या होत्या.

मी तातडीने दुरुस्तीचा अर्ज भरला आणि प्रामाणिकपणे मामांना फोन केला. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "राहू दे ना. तो जेन्स तर नव्हताच, मी तं हाये."

अर्ज अजून तपासणीत आहे. मधल्या काळात मामांनी ते पान यावल ते रावेरपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांना पाठवले. परवा त्यांच्या शेतात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती आणि मामा चार-पाच पोरांना समोर बसवून, धावत्या घोड्यावरून पडताना लगाम आधी सोडायचा की रिकीब, हे हातवारे करून समजावत होते.