होलोग्राम आहे म्हणून सही खरी? एका फॉरवर्डला उत्तर

मागच्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर मामांनी एक भलामोठा फॉरवर्ड टाकला. "सोनं विसरा, फ्लॅट विसरा, खेळाडूंच्या सह्यांमध्ये पैसे गुंतवा" अशी सुरुवात आणि खाली मुद्द्यांची माळ. सार असं : पीएसए, जेएसए, बेकेट या अमेरिकन कंपन्या सही तपासून देतात, त्यांचं सर्टिफिकेट आणि होलोग्राम असलं की सही शंभर टक्के अस्सल, कंपनीच्या वेबसाइटवर नंबर टाकून घरबसल्या खात्री करा, हे कागद कोर्टातही चालतात, एवढ्या मोठ्या कंपन्या चुकत नाहीत, खोट्या सह्यांचे घोटाळे जुने झाले, आणि किंमत दरवर्षी वाढतेच.

एरवी असले फॉरवर्ड मी न वाचताच पुढे सरकतो. पण न्यू जर्सीतल्या आतेभावाने त्याखाली लिहिलं, "बेब रूथची सही असलेला बेसबॉल मिळतोय, सर्टिफिकेटसकट. टोकन देऊन टाकतो." रूथ म्हणजे अमेरिकेतला गाजलेला जुना बेसबॉलपटू. म्हणून हा खटाटोप.

आधी हे शंभर टक्क्यांचं प्रकरण घेऊ. या कंपन्या म्हणजे तिसरा पक्ष : ना विकणारा, ना खेळाडू. तुम्ही वस्तू पाठवायची, फी भरायची, त्यांचा माणूस ती सही आपल्याकडच्या खात्रीच्या नमुन्यांशी ताडून बघणार आणि होलोग्रामचं स्टिकर व सर्टिफिकेटचं पत्र देणार. त्या पत्रात काय असतं हे फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी किती जणांनी वाचलंय? जेएसएच्या पत्रात सरळ लिहिलेलं असतं की हे आमचं विचारपूर्वक दिलेलं मत आहे. मत! बेब रूथ गेला १९४८ साली. पीएसएचा सह्या तपासणारा विभाग सुरू झाला १९९८ साली. रूथला सही करताना तिथल्या तपासनिसांनी पाहिलंय का? अनुभवी माणसाचं मत आहे, त्याला वजन आहे, मान्य. पण मत आणि साक्ष यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि सगळा फॉरवर्ड नेमका तोच फरक गिळून बसलाय.

आता एफबीआयचं 'ऑपरेशन बुलपेन'. नव्वदच्या दशकात एफबीआयच्या सॅन डिएगो कार्यालयाने खोट्या सह्यांच्या धंद्यात आपली माणसं घुसवली आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये एकाच वेळी ठिकठिकाणी छापे घातले. मुख्य टोळीचा हात होता ग्रेग मारिनो नावाच्या माणसाचा. रूथ, मँटल, डिमाजिओ हे बेसबॉलपटू, मुष्टियोद्धा मोहम्मद अली, ज्याची म्हणाल त्याची सही हा बसल्या बैठकीला करून द्यायचा. नवा चेंडू जुना दिसावा म्हणून त्याला शेलॅक (लाखेचं वॉर्निश) फासायचे. तपास पुढे काही वर्षं चालला, अठरा टोळ्या उघडकीला आल्या, साठाहून जास्त लोक दोषी ठरले. जप्त मालात मदर तेरेसांची सही असलेला बेसबॉलही होता. मदर तेरेसांनी कुठल्या डगआउटच्या (मैदानाकडेच्या खेळाडूंच्या बसायच्या जागेच्या) कठड्याला टेकून ती सही दिली असेल, हे मामांनीच सांगावं.

पण हसून सोडून देण्यासारखं हे नाही. या मालाबरोबर सर्टिफिकेटं जात होती. नुसती घरी छापलेली नव्हे, 'फॉरेन्सिक तज्ज्ञ' म्हणवणाऱ्यांची पत्रंसुद्धा. मारिनोने टेबलावर बसून केलेल्या सहीवर तिसऱ्या माणसाने 'अस्सल' म्हणून शेरा मारला, आणि त्या शेऱ्याच्या जोरावर माल दुकानात पोचला. बेसबॉलपटू टोनी ग्विनला तर सॅन डिएगो पॅड्रेस या त्याच्याच संघाच्या दुकानात आपल्या नावाच्या खोट्या सह्या विकायला ठेवलेल्या दिसल्या. ज्याची सही तोच समोर उभा होता म्हणून ते कळलं. रूथच्या बाबतीत ती सोय नाही. त्या काळात बाजारातल्या निम्म्याहून जास्त सह्या खोट्या असाव्यात, असा या धंद्यातल्याच लोकांचा अंदाज एफबीआयने नोंदवलाय. अंदाजच आहे, पण अंदाज निम्म्याच्या घरात असताना 'शंभर टक्के' म्हणायला जीभ कशी धजते?

या टोळीवरची कारवाई आणि या बड्या कंपन्यांचा जम या गोष्टी साधारण एकाच काळातल्या, त्यामुळे "ते आधीचं, आता कंपन्या आल्या" असं उत्तर येणार हे मला माहीत आहे. त्याकडे येतोच.

त्याआधी नंबर तपासायचा मुद्दा, कारण आतेभावाने तेवढंच केलं होतं. नंबर टाकला, वेबसाइटवर "बेब रूथ, सही केलेला बेसबॉल" अशी ओळ आली, भाऊ खूश. अरे, त्या ओळीचा अर्थ एवढाच की अमुक नंबर कंपनीने कधीतरी अशा एका चेंडूला दिला होता. तुझ्यासमोरचा चेंडू तोच, हे त्यातून कसं ठरतं? स्कूटरची नंबरप्लेट आरटीओच्या यादीत सापडली म्हणून खालची स्कूटर चोरीची नसते का? नोंदीसोबत त्याच चेंडूचा फोटो असेल तर गोष्ट वेगळी : चामड्यावरचा डाग, टाके, सहीतलं शेवटचं अक्षर टाक्यांपासून किती लांब थांबलंय, हे ताडून बघता येतं. फोटो नसेल तर तो नंबर म्हणजे नुसता नंबर.

आणि त्या चेंडूवर बघण्यासारखं सहीआधी दुसरंच काहीतरी असतं. रूथ ज्यात बहुतेक काळ खेळला त्या अमेरिकन लीग या बेसबॉल स्पर्धेच्या अधिकृत चेंडूवर त्या काळी लीगच्या अध्यक्षाचं नाव छापलेलं असायचं. १९३१ ते १९५९ विल्यम हॅरिज, त्यानंतर १९७३ पर्यंत जो क्रोनिन. म्हणजे क्रोनिनच्या नावाच्या चेंडूवर रूथची सही असेल, तर ती त्याने मेल्यानंतर किमान अकरा वर्षांनी केलेली! हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही, शाई तपासायचं यंत्र लागत नाही. मी भावाला छाप्याचा जवळून काढलेला फोटो मागवायला सांगितला. विकणाऱ्याने उलट सर्टिफिकेटचाच फोटो पुन्हा पाठवला, या वेळी जरा मोठा करून. हॅरिजचा छापा असला तरी सही खरी ठरत नाही, जुने कोरे चेंडू मिळतात. पण निदान पहिली चाळणी लागते.

कोर्टाचं म्हणाल तर दोन वाक्यांत. आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने १९७९ च्या मुरारीलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात म्हटलंय की बोटांच्या ठशांचं शास्त्र जवळपास बिनचूक आहे, हस्ताक्षर ओळखण्याचं तसं नाही, त्यात चुकीचा धोका जास्त. तज्ज्ञाचं मत न्यायालय ऐकतं, पण जपून. स्टिकर बघून निकाल देत नाही.

"मोठ्या कंपन्या चुकत नाहीत." बरं. खेळाडूंची चित्रं असलेली, लोक जमवतात ती कार्डंही पीएसए तपासते आणि त्यांना गुण देते. तिने दर्जा ठरवून दिलेलं पहिलंवहिलं कार्ड, सर्टिफिकेट क्रमांक एक, म्हणजे जुना बेसबॉलपटू होनस वॅगनर याचं टी-२०६ मालिकेतलं प्रसिद्ध कार्ड. आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की त्याच्या मालकांपैकी एक. दहापैकी आठ गुण मिळालेलं हे कार्ड २००७ मध्ये अठ्ठावीस लाख डॉलरला गेलं. २०१३ मध्ये लिलाववाला बिल मॅस्ट्रो याने कबूल केलं की या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या. कडा कापलेल्या कार्डाला असा दर्जा द्यायचाच नसतो. हे कार्ड आहे, सही नाही, हे मला कळतं. पण कडा सरळ कापलीय का हे बघणं सही ओळखण्यापेक्षा सोपं असावं, आणि तिथेही पहिल्याच सर्टिफिकेटला ही गत.

आता जे खरं आहे ते नाइलाजाने का होईना मान्य करतो. विकणाऱ्याने स्वतःच स्वतःला दिलेल्या सर्टिफिकेटपेक्षा या कंपन्यांचं मत कितीतरी बरं. ते माल नाकारतातही. अडखळत काढलेली रेघ, मधेच उचललेलं पेन, सगळीकडे सारख्याच जाडीची शाई, रबरी शिक्का, संघाच्या ड्रेसिंग रूममधल्या पोऱ्याने खेळाडूच्या वतीने मारलेल्या सह्या, या गोष्टी त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर दिसतात. त्यांच्यामुळे ढोबळ लबाडीला आळा बसला असेल. शंभर टक्के हा शब्द तेवढा काढून टाका, माझं भांडण निम्मं मिटलं.

पण घोटाळे जुने झाले, हे मात्र साफ खोटं. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या एका विक्रेत्याने फेसबुकवर स्वतःच लिहिलं की आपण लाखोंनी खोट्या वस्तू विकल्या, आणि नामांकित कंपन्यांची होलोग्राम बनावट करून त्यावर चिकटवली. त्याने सांगितलेला आकडा अवाच्या सवा आहे, त्यावर जाणकारांनीही शंका घेतली. तरी होलोग्राम हाच पुरावा मानणाऱ्यांनी तो प्रकार एकदा वाचावा. सही खोटी करायला निदान हात तरी बसवावा लागतो.

किंमत दरवर्षी वाढते म्हणे. वाढते, तशी पडतेही, आणि विकायला गेल्यावर लिलाववाला आपलं कमिशन कापतो. यावर जास्त लिहीत नाही.

पुतण्याला बेसबॉलचं वेड आहे आणि त्याला काहीतरी द्यायचंच आहे, तर अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलची स्वतःची योजना आहे, बुलपेननंतर २००१ मध्ये सुरू केलेली. त्यात बहुतेक आजी-माजी पोलीस अधिकारी सही होताना समोर हजर असतात आणि तिथल्या तिथे नंबर असलेलं होलोग्राम लावतात. तिथे कोणी सही बघून मत देत नाही, सही करताना बघितलेलं असतं. रूथ त्यात मिळणार नाही. सध्या खेळत असलेल्या एखाद्याचा चेंडू मिळेल, बराच स्वस्तात, आणि पोराला बहुधा तोच जास्त आवडेल. भावाने टोकन अजून दिलेलं नाही. मामांनी मात्र काल तोच फॉरवर्ड सोसायटीच्या ग्रुपवर टाकलाय.