'नॅनो' लिहिलेली बाटली आणि खुराड्यातली फट

कोंबडीच्या अंगावर काहीही वळवळलं की आपल्याकडं 'पिसवा झाल्या' म्हणतात, आणि कपाशीवर मारून उरलेलं औषध खुराड्यात शिंपडतात. हे आधी थांबवा. ते औषध अंड्यात उतरतं आणि अंडी घरातली लेकरंच खातात.

आता त्याला पर्याय म्हणून 'हर्बल नॅनो' बाटल्यांची चर्चा सुरू झालीय. माझं मत स्पष्ट आहे. वनस्पतीच्या तेलाचं नॅनो-इमल्शन, म्हणजे तेलाचे अतिबारीक थेंब पाण्यात मिसळलेलं मिश्रण, ही खरंच कामाची गोष्ट आहे, पण नुसतं लेबल वाचून पैसे घालू नका. 2017 साली नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये लाखो अंडी नष्ट करावी लागली. लाल माइटवरचं (रक्त पिणारा बारीक किडा) जे औषध निलगिरी-मेंथॉलचं म्हणून वापरलं जात होतं, त्यात फिप्रोनिल हे कीटकनाशक मिसळलेलं निघालं. म्हणून बाटलीवर घटक, त्यांचं प्रमाण आणि थेंबाचा आकार लिहिलाय का ते बघा. नसेल तर विकणाऱ्याला विचारा.

मुळात किडा कोणता, ते ओळखा. उवा चोवीस तास अंगावरच राहतात. शेपटीखालची पिसं उलटी केली की पिसाच्या बुडाशी पांढऱ्या लिखांचे गठ्ठे दिसतात. लाल माइट दिवसा अंगावर सापडतच नाही. तो फटीत, कोंबड्या बसतात त्या दांडीच्या खाली लपतो आणि रात्री येऊन रक्त पितो. रात्री दांडीखालून पांढरं फडकं फिरवा, लाल रेघ उमटली तर तोच. जुन्या मातीच्या भिंती आणि लाकडी चौकटी असल्या तर गोचीड असते. ती उपाशीपोटी वर्षानुवर्षं जगते, त्यामुळं खुराडं सहा महिने रिकामं ठेवलं तरी ती मरत नाही.

आता नॅनोचं. तेल-पाण्याच्या साध्या दुधाळ मिश्रणात थेंब साधारण एक मायक्रॉन (1000 नॅनोमीटर) किंवा त्याहून मोठा असतो. तो 100 नॅनोमीटरवर आणला की तेवढ्याच तेलाचे हजारपट थेंब होतात आणि एकूण पृष्ठभाग दहापट वाढतो. कमी तेलात जास्त किडे भिजतात, आणि तेल वर तरंगत नाही. पण मिक्सरमध्ये फिरवून नॅनो होत नाही! त्याला प्रयोगशाळेतलं सॉनिकेटर (ध्वनिलहरींनी थेंब फोडणारं यंत्र) लागतं, नाहीतर इमल्सिफायर (तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ) भरपूर लागतो.

दुसऱ्या, म्हणजे भरपूर इमल्सिफायरच्या पद्धतीनं करून बघायचं असेल तर 4 मिली निलगिरी तेल, 1 मिली निंबोळी तेल आणि 15 मिली ट्वीन-80 (हा इमल्सिफायर) पंधरा मिनिटं एकजीव करा. मग 80 मिली पाणी थेंबाथेंबानं, सतत ढवळत घाला. घाई केली की दूध होतं. ग्लास छापील कागदावर ठेवा: निळसर झाक आणि खालची अक्षरं वाचता आली तर थेंब बारीक झालेत, पांढरंफेक असेल तर ते साधं इमल्शन. निंबोळी तेल कशाला, तर निलगिरीचं तेल पाण्यात किंचित विरघळतं, त्यामुळं बारीक थेंब विरघळून मोठ्यांना जाऊन मिळतात आणि मिश्रण फुटतं. जड तेल ते रोखतं. फवारताना याच्या एका भागाला चार भाग पाणी. हे फक्त रिकाम्या खुराड्यासाठी, पक्ष्यावर नाही. कोंबड्यांच्या श्वासाला उग्र वास सोसत नाही, पिलांना तर मुळीच नाही.

आणि खरं सांगायचं तर परसातल्या वीस-पंचवीस कोंबड्यांना नॅनो लागतच नाही, साधं मिश्रण पुरतं. 20 मिली निंबोळी तेल, 5 मिली ट्वीन-80 आधी एकत्र घोटून घ्या, मग एक लिटर कोमट पाणी हळूहळू ओता. थंडीत तेल गोठतं, तेव्हा बाटली आधी गरम पाण्यात ठेवा. केलेलं त्याच दिवशी संपवा.

आपल्याकडं गणित बिघडतं ते पाण्यावर. बोअरचं पाणी जड असतं, त्यात तेल मिसळायला साबण घातला की कॅल्शियमशी जुळून दह्यासारख्या गुठळ्या होतात, तेल वर येतं आणि पंपाचं नोझल तुंबतं. शिवाय निंबोळीतलं अझाडिरॅक्टिन (किड्यांवर चालणारा घटक) अल्कधर्मी पाण्यात लवकर मोडतं. म्हणून साबणाऐवजी ट्वीन-80, आणि जमलं तर पावसाचं किंवा आरओचं पाणी. बोअरचंच वापरायचं तर थोडं लिंबू पिळून पीएच (आम्ल-अल्काचं माप) 6 च्या आसपास आणा. साबणाच्या मिश्रणात मात्र लिंबू पिळू नका, साबणच फुटतो.

फवारणी सकाळी करा, कोंबड्या बाहेर सोडल्यावर. आधी शेण-भुस्सा खरवडून जाळा, दांड्या काढून उन्हात टाका, आणि नोझल प्रत्येक फटीत घाला. भिंतीवरून नुसता फवारा फिरवला तर माइटला काहीच होत नाही. माइटची अंडी यातून वाचतात, आणि आपल्या उन्हाळ्यात माइटची नवी पिढी आठवड्याभरात तयार होते. म्हणून सातव्या दिवशी दुसरी आणि चौदाव्या दिवशी तिसरी फवारणी हवीच. बहुतेक ठिकाणी पहिलीनंतर किडे दिसेनासे होतात, माणूस विसरतो आणि महिन्यानं 'औषधच खोटं' म्हणतो. नंतर फटी माती-चुन्यानं बुजवा.

परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांनी आपल्या पाण्यावर आणि आपल्या खुराड्यांवर याच्या चाचण्या घेऊन प्रमाण मराठीत छापावं, अशी माझी मनापासून मागणी आहे. तोवर सीताफळाच्या बियांची पूड कोंबडीच्या अंगावर चोळायचे सल्ले ऐकू नका. किडे मरतात खरे, पण डोळ्यात गेली तर इजा होते, कोंबडीच्याही आणि तुमच्याही.

अंड्यांवर बसवलेल्या खुडूक कोंबडीच्या टोपलीत तेलाचा एक थेंबही नको. कवचाची छिद्रं बुजून आतलं पिल्लू गुदमरतं. कोंबडी बसवण्याच्या चार दिवस आधी टोपली फवारा, उन्हात खडखडीत वाळवा, तळाशी नवा भुस्सा घाला. एकविसाव्या दिवशी पिलं बाहेर आली की तो भुस्सा त्याच दिवशी जाळा.