टीसीएसला दिलं म्हणून पासपोर्ट सुधारला? काका, जरा थांबा

आठवडाभरात चार ग्रुपवर तोच मेसेज आला आणि काल फॅमिली ग्रुपवर काकांनीही टाकला, म्हणून लिहायला बसलो. मेसेजचं सार असं की पासपोर्ट ऑफिसात आधी लोकांचे हाल व्हायचे, टीसीएस या खासगी कंपनीला दिलं आणि सुधारलं, सरकारी माणसाचा पगार फिक्स त्यामुळे तो काम करतच नाही, तेव्हा तहसील, आरटीओ, महापालिका सगळं खासगी कंपन्यांना देऊन टाका. खाली तिरंगा आणि 'पटलं तर पुढे पाठवा'.

पासपोर्ट सुधारला हे शंभर टक्के मान्य. माझा पहिला पासपोर्ट एजंटकडून काढलेला, दुसरा घरी बसून फॉर्म भरून, अपॉइंटमेंट घेऊन. फरक डोळ्यांनी बघितलाय, त्यामुळे त्यावर वाद नाही. वाद आहे तो 'दिलं' या शब्दावर.

कारण पासपोर्ट ऑफिस टीसीएसला दिलेलंच नाहीये. 2008 ला करार झाला आणि 2010 पासून सेवा केंद्रं सुरू झाली, तेव्हापासून वाटणी ठरलेली आहे. आत गेलात की ए, बी, सी असे तीन काउंटर लागतात. ए वर कंपनीची मुलं कागद स्कॅन करतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. बी वर कागद तपासणारा अधिकारी सरकारी, आणि सी वर पासपोर्ट द्यायचा की नाही ठरवणारा अधिकारी पण सरकारी, परराष्ट्र मंत्रालयाचा. पोलीस व्हेरिफिकेशन पोलीसच करतात. आणि ते कोरं पुस्तक छापलं जातं आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, ती पण सरकारी. म्हणजे कंपनीचं काय, तर सॉफ्टवेअर, जागा, मशिनी आणि पहिला काउंटर. ते त्यांनी चांगलं केलं, श्रेय द्यायलाच हवं. पण निर्णय कंपनी घेत नाही.

अजून एक गंमत सांगतो. 2017 पासून पोस्टात पासपोर्ट सेवा केंद्रं निघाली, देशभरात चारशेच्या वर झाली, कोल्हापूरकडच्या लोकांना त्यासाठी पुण्याला जायची गरज राहिली नाही. तिथे पहिल्या काउंटरवर कोण बसतं? पोस्टाचा कर्मचारी! तोच फिक्स पगारवाला, तोच सरकारी, आणि तरी काम होतंय.

मग सुधारलं कशामुळे? वेळ ठरवून बोलावलं, टोकन दिलं, कोणाला कुठले कागद लागतात ते आधीच सांगितलं, अर्ज कुठे पोचला ते घरून दिसायला लागलं. 2016 च्या डिसेंबरमध्ये नियमच सोपे केले, जन्मतारखेला आधार, पॅन वगैरे चालायला लागलं, अर्जासोबतची जोडपत्रं कमी केली आणि ती साध्या कागदावर लिहून दिली तरी चालतील असं ठरलं, नोटरीची भानगड संपली. हे सगळं मंत्रालयाने ठरवलं. 2023 ला दिल्ली पोलिसांना व्हेरिफिकेशनसाठी टॅब दिले तेव्हा तर पंधरा दिवसांचं काम पाच दिवसांवर येईल असं जाहीर झालं, माणसं तीच, पगार तेच.

आता 'खासगी आलं की सुधारतं' हा मुद्दा. 7 जून 2021 आठवतो का कोणाला? इन्कम टॅक्सचं नवं पोर्टल, इन्फोसिसने केलेलं. लॉगिन होईना, रिटर्न भरता येईना, ऑगस्टमध्ये अर्थ खात्याने कंपनीच्या सीईओंना बोलावून जाब विचारला, आणि कोरोनामुळे आधीच 31 जुलैची 30 सप्टेंबर केलेली मुदत परत ढकलून 31 डिसेंबरवर गेली. आमच्या सीएच्या ऑफिसात त्या महिन्यांत कोणाशी नीट बोलायची सोय नव्हती. बरं, हीच कंपनी बंगळुरूच्या प्रोसेसिंग सेंटरचंही काम बघते, ज्याच्यामुळे आता रिफंड कधी कधी आठवड्यात येतो. कंपनी एकच, एकीकडे बोंब आणि एकीकडे कौतुक. मग खासगी-सरकारी हे कारण कसं असेल?

आणि तहसीलची खिडकी तर कधीच खासगी झालीये राव! गावोगावची आपले सरकार सेवा केंद्रं कोण चालवतं? खासगी माणसंच. तुम्ही अर्ज देता, पैसे भरता, पावती मिळते. पण पुढे फाइल जाते ती तहसीलदार नाहीतर प्रांताच्या लॉगिनला आणि तिथे झोपते. पुढची खिडकी कितीही चकाचक करा, मागचं टेबल तेच आहे.

धंद्याबद्दल पण एक वाक्य होतं त्या मेसेजमध्ये, लायसन्स द्यायचं काम कंपनीला द्या म्हणे. अहो लायसन्सच काढून टाकलं तर? महाराष्ट्रात 2017 च्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला गुमास्ता (शॉप ॲक्ट) नोंदणी लागेनाशी झाली, नुसती ऑनलाइन सूचना द्यायची, पोच मिळते, झालं. सगळ्यात फास्ट ऑफिस म्हणजे जिथे जावंच लागत नाही ते. तरी लोक अजून 'शॉप ॲक्ट काढून देतो' म्हणणाऱ्याला हजार-दोन हजार देतात, कारण नियम बदललाय हे कोणी सांगितलंच नाही.

शेवटचा मुद्दा, 'सरकारी माणसाला कोणी विचारत नाही'. विचारता येतं, आपण विचारत नाही. लोकसेवा हक्क कायदा 2015 चा आहे. प्रत्येक सेवेला मुदत, त्या सेवेचा पदनिर्देशित अधिकारी (म्हणजे ती मुदतीत द्यायची जबाबदारी ज्याची, तो) ठरलेला, मुदत उलटली की 30 दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, मग थेट सेवा हक्क आयोग, आणि कारण नसताना उशीर केला तर त्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 दंड. दंड फारच किरकोळ आहे आणि पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरच्या साहेबाकडे जातं, ही खरी दुखणी आहेत, यावर मेसेज बनवा, मी स्वतः फॉरवर्ड करतो.

भाचीच्या ॲडमिशनला उत्पन्नाचा दाखला हवा होता. मुदत पंधरा दिवसांची, महिना झाला तरी पत्ता नाही. केंद्रवाला म्हणाला वर थोडं द्यावं लागेल. ऑफिसात गेलो आणि पदनिर्देशित अधिकारी कोण विचारलं, तर क्लार्क म्हणाला बोर्डावर बघा. बोर्ड कपाटाच्या मागे, अर्धाच दिसत होता. वाकून फोटो काढला, रात्री पोर्टलवर पहिलं अपील टाकलं. तिसऱ्या दिवशी फोन आला, 'अपील कशाला करता, दाखला झालाय, डाउनलोड करून घ्या.' आणि काका, फोन करणारा तोच क्लार्क होता.