वार पडेपर्यंत चीक पाजू नका? साफ चूक आहे हे

तो मेसेज परत फिरतोय, "गाय व्याली की वार पडेपर्यंत वासराला चीक पाजू नका, जुलाब लागतात", कालच एकाने विचारलं म्हणून लिहितोय. (वार म्हणजे व्याल्यावर गायीच्या गर्भाशयातून बाहेर पडणारी नाळेची झिल्ली, आणि चीक म्हणजे व्याल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध.) अहो उलट आहे सगळं. पोटात असताना वासराला आईकडून रोगप्रतिकारशक्ती जवळपास मिळतच नाही, ती मिळते चिकातून, आणि वासराचं आतडं ती शोषून घेतं ते पहिल्या काही तासांतच, तासागणिक कमी होत जातं आणि 24 तासांनी जवळपास बंदच. मग वारेची वाट बघत 8-10 तास घालवले तर राहिलं काय? जन्मल्यावर तासा-दोन तासांत पाजायला घ्या, 30 किलोचं वासरू असेल तर पहिल्या दिवसात निदान 3 लिटर, दोन-तीन वेळा मिळून. शिवाय वासरू चोखतं तेव्हा ज्या हार्मोनने पान्हा फुटतो त्यानेच गर्भाशयही आकुंचन पावतं, म्हणजे वार पडायला मदतच की. जुलाब बहुतेकदा घाणीतल्या जंतूंमुळे होतात, कास आधी धुवून घ्या. आणि 12 तास उलटून गेले तरी वार लटकतेय तर ओढू नका हां, डॉक्टरला बोलवा.